एक सेल, तीन कुलपं : लॅपटॉप उघडेना त्याचा छडा

लॅपटॉप २०२१चा, इंटेलच्या ११व्या पिढीच्या प्रोसेसरचा. घेतला तेव्हा त्यात विंडोज नव्हतं, ते नंतर एका जाणकाराने टाकून दिलं. विंडोज ११ होम, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन, रोजची उघडझाक चार आकडी पिनवर. साडेचार वर्षं काही कुरकुर नव्हती. मग तो पाच आठवडे चार्जर न लावता कपाटात पडून राहिला आणि बॅटरी पार शून्यावर गेली. दुरुस्तीला आला तेव्हा तक्रार एका ओळीची होती: पिन घेत नाही, पासवर्ड आठवत नाही, रीसेट करून द्या.

ही ओळ तशीच मानली असती तर डेटा गेला असता आणि मूळ दुखणं जागच्या जागी राहिलं असतं. लॉगिनची तक्रार घेताना पहिला प्रश्न ‘आत्ता काय दिसतंय’ हा नसावा. ‘बंद पडल्यापासून पडद्यावर काय काय येऊन गेलं, ओळीने सांगा’ असं विचारावं. इथे तो क्रम काढून घेतल्यावर निम्मं काम झालं.

चार्जर लावून चालू करताच काळ्या पडद्यावर तारीख-वेळ तपासा अशा अर्थाची इंग्रजी सूचना आली होती, खाली ‘पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा’. घरच्यांनी एफ१ दाबलं. सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा पुरावा हाच, आणि तो दोन सेकंदांत डोळ्यांआड गेला. त्यानंतर निळ्या पडद्यावर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की मागितली गेली. ती मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली, टाकली, ती पासही झाली. मग रडका चेहरा असलेली ब्लू स्क्रीन: ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’. मशीन आपोआप रीस्टार्ट, पुन्हा की, पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या फेरीला ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ उघडलं. तिथल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये कोणीतरी डिस्कपार्ट चालवून डिस्कची यादी मागितली, तर एकही डिस्क नाही असं उत्तर मिळालं. त्यावरून ‘एसएसडी गेली’, म्हणजे लॅपटॉपची डिस्कच मेली, असं निदान झालं आणि नवीन एसएसडी मागवायचंही ठरत होतं.

तेवढ्यात फर्मवेअरमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारं मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे बायोस) व्हीएमडी नावाचं, डिस्क इंटेलच्या नियंत्रकामार्फत जोडणारं सेटिंग बंद करून बघा, असा सल्ला कुणाकडून तरी मिळाला. तो बरोबर होता. विंडोज लॉगिनपर्यंत पोचलं, फक्त दर वेळी की टाकावी लागत होती. लॉगिनच्या पडद्यावर मात्र पिनची चौकटच नव्हती. काहीतरी झालंय आणि तुमचा पिन उपलब्ध नाही, पुन्हा सेट करा, एवढंच. पासवर्डचा पर्यायही दिसेना. ‘पिन सेट करा’ दाबलं की इंटरनेट जोडता येत नाही असं उत्तर. वाय-फायचं चिन्ह तर पूर्ण भरलेलं. कोपऱ्यातली तारीख १ जानेवारी २०२१. ती कुणीच वाचली नव्हती.

चार वेगळी दुखणी वाटावीत अशी ही लक्षणं: बिटलॉकर, ब्लू स्क्रीन, पिन, इंटरनेट. इतक्या गोष्टी एकाच दिवशी योगायोगाने बिघडत नाहीत. त्यांच्या खालचा थर एकच आहे का, हे आधी बघायचं, आणि तारखेकडे बघितलं की तो थर दिसतो.

मदरबोर्डवर घड्याळ आणि काही सेटिंगं जागी ठेवायला एक छोटा सेल असतो. चार्जर लागलेला असला की घड्याळाला मुख्य पुरवठ्यातून वीज मिळते, अनेक मॉडेलांत मुख्य बॅटरी भरलेली असली तरी मिळते. सेलवर भार येतो तो मशीन बिनविजेचं पडून राहिल्यावर. म्हणून सेल मेला तरी रोज चार्जिंगला असणाऱ्या लॅपटॉपवर महिनोन्‌महिने काही कळत नाही, आणि पहिल्यांदा बॅटरी पूर्ण उतरली की सगळं एकदम अंगावर येतं. सेलचं आयुष्य हिशेबात बसतं का तेही बघू. सीआर२०३२ सेलची क्षमता साधारण २२० मिलीअँपिअर-तास. घड्याळ सतत सेलवरच चाललं आणि ५ मायक्रोअँपिअर खातं असं धरलं तर ४४,००० तास, म्हणजे पाच वर्षं. मुख्य पुरवठ्यामुळे तो त्याहून जास्त टिकू शकतो, पण साडेचार वर्षांच्या मशीनचा सेल संपला यात फार नवल नाही.

वीज पूर्ण तुटली की या मॉडेलचं फर्मवेअर साठवलेली सेटिंगं रद्द करून कारखान्याची मूळ मांडणी घेतं. सगळीच मॉडेलं असं करत नाहीत. अनेकांत सेटिंगं फ्लॅश चिपमध्ये सुरक्षित राहतात आणि फक्त घड्याळ मागे जातं. या मशीनची मूळ मांडणी विंडोजसाठी नव्हतीच, कारण ते विंडोजशिवाय विकलं गेलं होतं: व्हीएमडी चालू, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीची सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी तपासणी) बंद, टीपीएम (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) बंद. ज्याने विंडोज टाकलं त्याने तिन्ही उलटी केली होती. टीपीएम आणि सिक्युअर बूट विंडोज ११च्या अटींसाठी चालू केलं. व्हीएमडी बंद केलं, कारण ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर व्हीएमडी चालू असताना विंडोजच्या इन्स्टॉलरला एसएसडी दिसत नाही. इंटेलचा ड्रायव्हर वेगळा पेनड्राइव्हवर द्यावा लागतो. तो शोधण्यापेक्षा एक ओळ ‘डिसेबल’ करणं सोपं, म्हणून बहुतेक जण तेच करतात. त्यात चूक नाही. मात्र हे कुठेतरी लिहून ठेवलं पाहिजे, आणि ते कोणी लिहीत नाही.

आता एकेक लक्षण या चौकटीत बसवून बघू.

आधी बिटलॉकर. डिस्कची किल्ली टीपीएमच्या ताब्यात असते, आणि मशीन कसं सुरू झालं याची मोजमापं जुळली तरच ती सुटते. त्या मोजमापांत सिक्युअर बूटची स्थिती येते. इथे सिक्युअर बूटही बदललेलं आणि टीपीएमही बंद, म्हणजे किल्ली देणारा कोणी नाहीच. बिटलॉकरने की मागितली हे त्याचं चोख काम झालं, बिघाड नव्हे. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत याच निळ्या पडद्यावर कारणाचा कोडही दिसतो. टीपीएम बंद की सिक्युअर बूट बंद, ते त्यावरून समजतं. की टाकण्याआधी त्या पडद्याचा फोटो घ्यावा.

की पास झाल्यावरची ब्लू स्क्रीन व्हीएमडीमुळे. बूट मॅनेजर फर्मवेअरच्या मदतीने डिस्क वाचतो, म्हणून तिथपर्यंत सगळं ठीक चालतं. पुढे विंडोजचा गाभा स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क धरायला जातो. व्हीएमडी चालू असताना एसएसडी त्याच्या आड जाते, आणि व्हीएमडीचा ड्रायव्हर या विंडोजमध्ये कधी घातलेलाच नव्हता. डिस्कपार्टला डिस्क न दिसण्याचं कारणही हेच. रिपेअरचं वातावरण मेमरीत चढलेलं असतं, त्यामुळे ते चालतं, पण त्याच्याकडेही तो ड्रायव्हर नाही. एसएसडी जिवंत आहे का हे फर्मवेअरच्या माहितीच्या पानावर बघायचं. तिथे तिचं मॉडेल आणि क्षमता नीट दिसत होती. शिवाय बिटलॉकरने की स्वीकारली होती. मेलेल्या डिस्कवर की पडताळून कोण देणार?

पिनचं तसंच. विंडोजचा पिन हा पासवर्डचा छोटा अवतार नाही. तो त्या एका मशीनच्या टीपीएममधली किल्ली उघडतो. टीपीएम बंद म्हणजे पिन बरोबर असला तरी त्याला उघडायला काही नाही. म्हणून ‘पिन चुकीचा आहे’ आणि ‘पिन उपलब्ध नाही’ हे दोन संदेश निराळे वाचायचे. पहिला आला तर आठवण किंवा कीबोर्ड तपासा, आणि आकडे लावत बसू नका. विंडोज टीपीएम २.०ला ३२ चुकांची मर्यादा लावतं आणि दर १० मिनिटांनी एक चूक विसरतं. दुसरा आला तर आकडे बदलून काडीचा उपयोग नाही, फर्मवेअरकडे जा.

पासवर्डचा पर्याय गायब होण्यामागे कोणी हॅकर नाही. ‘या डिव्हाइसवर मायक्रोसॉफ्ट खात्यांसाठी फक्त विंडोज हॅलो साइन-इन’ असं बटण लॉगिनच्या सेटिंगांत असतं (विंडोज हॅलो म्हणजे पिन, बोट किंवा चेहऱ्याने लॉगिन). ते चालू असलं की पासवर्डची चौकट लपते. आणि इंटरनेट? ते चालूच होतं. सुरक्षित जोडणीत समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ असं असतं. लॅपटॉपच्या लेखी साल २०२१, त्यामुळे आजची सगळी प्रमाणपत्रं अजून जन्मायची होती. जोडणी नाकारली जाते आणि पडद्यावर येतं ‘इंटरनेट नाही’. घड्याळ नेटवरून आपोआप सुधारेल ही आशाही इथे फोल ठरली. घरगुती विंडोजची टाइम सर्व्हिस ५४,००० सेकंद, म्हणजे १५ तासांपर्यंतची चूक सुधारते. त्याहून मोठी चूक दिसली की ती हात लावत नाही.

दुरुस्तीआधी काय करायचं नाही हे ठरवणं जास्त महत्त्वाचं होतं. ‘रीसेट धिस पीसी’ नाही: ‘सगळं काढा’ निवडलं तर डेटा जाणार, आणि फर्मवेअर तसंच राहिल्यामुळे पुढच्या वेळी बॅटरी उतरली की हेच नाटक पुन्हा. पिन नव्याने लावायचाही नाही, कारण ‘पिन विसरलो’ मार्गाने रीसेट केला की विंडोज हॅलोमध्ये साठवलेल्या पासकीही (पासवर्डऐवजी वेबसाइटवर लॉगिन करायच्या किल्ल्या) पुसल्या जातात. आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे फर्मवेअरच्या सिक्युरिटी टॅबवरचं ‘टीपीएम क्लिअर’. ते ‘टीपीएम एनेबल’च्या बरोबर खालच्या ओळीत असतं. बंद केलेला टीपीएम आतल्या किल्ल्या जपून ठेवतो. क्लिअर केलेला टीपीएम कोरा होतो, मग पिनही गेला आणि डिस्कची टीपीएममधली किल्लीही गेली. हातात फक्त ४८ आकडी की उरते.

ती ४८ आकडी की म्हणूनच पहिल्यांदा कागदावर उतरवली. मायक्रोसॉफ्ट खात्याच्या डिव्हाइसेस विभागात ती मिळते. एकाहून जास्त की असतील तर निळ्या पडद्यावरच्या की-आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून योग्य ती घ्यायची. की सहा-सहा आकड्यांच्या आठ गटांत असते आणि प्रत्येक गटाला ११ने निःशेष भाग जातो. म्हणून फोनवरून कोणी की वाचून दाखवत असेल आणि कुठे चुकलं कळत नसेल, तर कॅल्क्युलेटर घ्या. ज्या गटाला ११ने भाग जात नाही, चूक त्या गटात. आकड्यांची बटणं बिघडली असतील तर एफ१ ते एफ९ हे १ ते ९ आणि एफ१० हे शून्य म्हणून चालतात.

आता सेटिंगं. इथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. रिकव्हरी की टाकून विंडोज सुरू झालं की बिटलॉकर त्या क्षणीची मोजमापं ‘हीच बरोबर’ म्हणून टीपीएममध्ये नव्याने नोंदवतो. टीपीएम बंद असताना ते शक्य नव्हतं, त्यामुळे जुनी नोंद शाबूत होती. नशीबच म्हणायचं. पण आता आधी फक्त टीपीएम चालू केला असता आणि सिक्युअर बूट बंद ठेवून की टाकली असती, तर नवीन नोंद चुकीच्या स्थितीची झाली असती, आणि नंतर सिक्युअर बूट चालू करताच पुन्हा की मागितली गेली असती. म्हणून सगळे बदल एकाच बैठकीत करायचे आणि एकदाच सेव्ह करायचं.

चार्जर लावून, पॉवरचं बटण दाबताच एफ२ टिचवत राहून फर्मवेअरमध्ये शिरलो. इतर मॉडेलांत डिलीट, एस्केप किंवा एफ१० असतं. व्हीएमडीची ओळ कुठेच दिसेना. घरच्यांना ती सापडली होती हे खरं, पण कशी ते त्यांना सांगता येईना. काही मॉडेलांत मेन टॅबवर कंट्रोल आणि एस एकत्र दाबल्याशिवाय ही ओळ उमटतच नाही, तसलंच हे. दाबताच ‘व्हीएमडी कंट्रोलर’ दिसलं, ‘डिसेबल्ड’वर, म्हणजे ते आधीच नीट होतं. सिक्युरिटी टॅबवर टीपीएम ‘एनेबल’ केला, क्लिअरच्या ओळीवर बाण नेला नाही. बूट टॅबवर सिक्युअर बूटची ओळ राखाडी, बदलता येईना. हे कुलूप फर्मवेअरचा स्वतःचा सुपरव्हायझर पासवर्ड लावल्यावर उघडतं. तात्पुरता साधा पासवर्ड लावला, सिक्युअर बूट ‘एनेबल’ केलं, आणि लगेच जुना पासवर्ड टाकून नवीन रिकामा ठेवत तो काढूनही टाकला. हा पासवर्ड लावून विसरलेले लॅपटॉप पुढे फार रडवतात. शेवटी मेन टॅबवर तारीख आणि वेळ हाताने घातली, एफ१० दाबून सेव्ह केलं.

मशीन सुरू झालं, की न मागता. पिनची चौकट समोर, जुने चार आकडे, डेस्कटॉप. रीसेट नाही, नवा पिन नाही. कुणाला यात जादू वाटेल, पण मोजमापं पूर्वीसारखी जुळल्यावर टीपीएमने किल्ली सोडली एवढंच.

काम इथे संपलं असं वाटणं साहजिक आहे, पण सेल अजून मेलेलाच होता. चार्जर काढला, बंद केलं, खालचं झाकण उघडलं. दहा स्क्रू, त्यातले पुढच्या कडेचे तीन आखूड. लांब स्क्रू आखूडच्या जागी घातला तर तो वरच्या पामरेस्टला (कीबोर्डपुढची मनगट टेकायची जागा) उचलतो किंवा भोक पाडतो, म्हणून कागदावर लॅपटॉपचा आकार काढून त्या-त्या जागी स्क्रू टोचून ठेवावेत. सगळ्यात आधी मुख्य बॅटरीचं कनेक्टर सोडवलं आणि पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून धरलं, म्हणजे उरलासुरला चार्ज उतरतो. सेल काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, लाल-काळ्या दोन तारा आणि छोटं कनेक्टर असलेला. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून मोजला: १.४ व्होल्ट. नवा सेल ३ व्होल्ट किंवा थोडा जास्त दाखवतो. २.७च्या खाली गेलेल्यावर भरवसा ठेवू नये.

नवा सेल घेताना दोन जागी माणसं फसतात. पिशवीवर किंवा सेलवर काय छापलंय ते वाचायचं. सीआर असेल तर तो चार्ज न होणारा, एमएल असेल तर चार्ज होणारा. एमएलच्या जागी सीआर बसवला तर बोर्ड त्याला चार्ज करायला जाईल, आणि तो फुगेल किंवा गळेल. दुसरं, कनेक्टर दिसायला तेच असतं, पण काही सेलांत लाल आणि काळी तार उलट्या बाजूला येते. जुना आणि नवा शेजारी ठेवून तारांचा क्रम जुळवल्याशिवाय खोचू नये. पिशवी मूळ चिकटपट्टीवर परत बसवायची, नाहीतर सैल सेल पंख्याच्या तोंडाशी सरकतो. काही नव्या लॅपटॉपांत असा सेलच नसतो, घड्याळ मुख्य बॅटरीवरच जगतं. तिथे उघडून शोधण्यात अर्थ नाही. ती बॅटरी शून्यावर न नेणं आणि ती म्हातारी झाली की बदलणं, एवढाच इलाज.

मुख्य बॅटरी जोडण्याआधीच परीक्षा घेतली, कारण ती जोडल्यावर सेलचं खरं-खोटं कळत नाही. नुसता चार्जर लावून मशीन सुरू केलं, फर्मवेअरमध्ये शिरलो. सेल बदलताना वीज तुटल्यामुळे सेटिंगं पुन्हा मूळ मांडणीवर गेली होती, ती तिन्ही आणि तारीख परत घातली. विंडोजपर्यंत गेलो नाही, म्हणजे चुकीची नोंद होण्याचा प्रश्न आला नाही. काही मॉडेलं मुख्य बॅटरी नसली की नुसत्या चार्जरवर सुरूच होत नाहीत. तिथे बॅटरी जोडून सेटिंगं घालायची आणि पुन्हा सोडवायची. मग चार्जर काढून लॅपटॉप रात्रभर तसाच ठेवला, जगायला फक्त नवा सेल.

सकाळी फर्मवेअरमधलं घड्याळ मोबाइलच्या घड्याळाशी जुळत होतं आणि तिन्ही सेटिंगं जागेवर होती. मुख्य बॅटरी जोडली, झाकण लावलं. विंडोजमध्ये गेल्यावर तीन कामं उरली होती. ‘फक्त विंडोज हॅलो’चं बटण बंद केलं, म्हणजे अडचणीत पासवर्डची चौकट दिसेल. खात्याचा पासवर्ड मोबाइलवरून बदलून लॅपटॉपवर नेट चालू असताना एकदा त्याच पासवर्डने लॉगिन करवलं. नेट नसताना लॅपटॉप शेवटी त्याच्यावर वापरलेला पासवर्डच ओळखतो, दुसरीकडे बदललेला त्याला ठाऊक नसतो. शेवटी फर्मवेअरच्या तीन पडद्यांचे फोटो घरच्यांच्या मोबाइलमध्ये, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला कागदी चिकटपट्टीवर सेल बदलल्याची तारीख, तिच्याखाली ‘व्हीएमडी बंद, सिक्युअर बूट चालू, टीपीएम चालू’.